शिडाचा बाहेरचा काठ

१३ जानेवारी १९८५, मार्कंडा घाट
वारा झकास. शीड लावून दोनदा पैलतीरी. वल्हं हाती घ्याचं कामच नाई पडलं. या घाटावर शिडाचा डोंगा माह्या एकट्याचा, बाकीचे हातानं वल्हं मारतेत. खेपा झाल्यावर शीड नेहमीसारखं बांबूले गुंडाळून उभं बांधलं.
शेजारच्या डोंग्याचा गोमाजी म्हने, "देवा, दोन उन्हाळे झाले, तू शीड तसंच उघडं ठेवतं. गुंडाळल्यावर जो काठ बाहेर राहते त्याले काळ्या कपड्याचा पट्टा शिव. ऊन पट्ट्याले खाईन, शीड वाचन."
वयानं मोठा, म्हनून भाऊ म्हनतो त्याले. म्हनलं, "गोमाभाऊ, तुमच्याकडे शीडच नाई, तुम्ही काऊन तरास घेता?" सगळे खो खो हासले. तो नाई हासला.
अक्कल शिकवते मले!

२० जाने., रवि.
गो.शी कडाक्याचं भांडन. महाशिवरात्रीच्या जत्रेत सवाऱ्या पहिले कोन नेईन, यावरून. तो म्हने नंबरानं. मी म्हनलं, तुमची एक खेप होते तवा माह्या दोन होतेत, मी काऊन थांबू? त्यानं गचांडी धरली. मी ढकलला. चिखलात उताना पडला. उठून म्हने, "शिडाची मस्ती आहे तुले. पाहू किती दिस टिकते!"
दहा मानसांनी ऐकलं.

२ फेब्रु.
शीड फाटलं. भर धारेत, डोंग्यात सात सवाऱ्या. वारा भरला अन् फर्रर्र, वरून खालपर्यंत. डोंगा कलंडला. एक बाई लेकरासकट पान्यात. झिंज्याले धरून वर ओढली. लेकरू तिनं सोडलं नाई. दोघंही जिते आहेत.
काठाले लागल्यावर पाहिलं. सरळ चीर, सुरीनं कापल्यासारखी. पाहू किती दिस टिकते, पाहू किती दिस...
गो. जाळं सोडवत बसला होता. वल्हं उचललं अन् हानलं. पहिलं खांद्यावर. दुसऱ्याले त्यानं उजवा हात आडवा केला. हाड मोडल्याचा आवाज आला. तिसरं डोक्यातच घातलं असतं, चौघांनी धरलं. तो नुसता "काऊन रे देवा? काऊन?" करून राह्यला.
मले बरं वाटलं. खोटं कायले लिहू.

५ फेब्रु.
जातीचे पंच बसले. गो. हात गळ्यात बांधून उभा. "मी शिडाले बोट नाई लावलं." पन दहाही जनांनी त्याचे शब्द सांगितले. निकाल: डोंगा फोडाचा, घाट बंद, पानी बंद.
ज्याचं नुकसान झालं, पहिला घाव त्यानं घालाचा अशी रीत. मी घातला. कुऱ्हाड तळात फसली, पाय देऊन उपसली. मंग सगळे तुटून पडले. त्याची बायको भागाबाई आडवी आली, कोनाच्या तरी लाथेनं कोलमडली. बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. फळ्या तिथीच जाळल्या.
घरी येऊन पोटभर जेवलो.

९ फेब्रु.
शीड शिवाले काढलं. बायको, शेवंता, सुई घेऊन बसली. टाका घातला की कपडा फाटे. बोट टेकवलं तर आरपार. पापडच झाला होता. दोन्ही हातांनी जरासा ओढला. फर्रर्र. सरळ. सुरीनं कापल्यासारखा.
आतला कपडा दम लावून ओढला. फाटत नाई. सडला तो फक्त बाहेरचा काठ, गुंडाळल्यावर उन्हात राहते तेवढाच. खालपासून वरपर्यंत.
शेवंता म्हनली, "अजी, हे तर उन्हानं..."
थोबाडात हानली तिच्या. मंग न्हानीत जाऊन ओकलो.

१२ फेब्रु.
गो. पैलतीरी, चंद्रपूरच्या दवाखान्यात. बोटं काळी पडली म्हनतेत. विहिरीवर पोरींनी भागाबाईची घागर लाथाडली. मी तिथीच उभा होतो.
सांगितलं तर पंच माहा डोंगा फोडतीन. पहिला घाव गोमाभाऊचा. कोन्या हातानं घालतीन ते?

१४ फेब्रु.
जत्रा तोंडावर. पंच सकाळीच येऊन गेले. म्हने, एक डोंगा कमी झाला, तुह्या शिडावरच भिस्त आहे.
शेवंतानं जुन्या लुगड्याचा काळा पट्टा काढला. सडका काठ कापून चुलीत घालाचा, त्या जागी हा शिवाचा. गोमाभाऊनं सांगितला तसाच. मंग कोनाले काईच दिसनार नाई. सुई ओवून म्हनते, "शिवू का?" गालावर माही बोटं अजून उमटून आहेत.
मी बोलाच्या आत अंगनात भागाबाई.
"देवा, मले पैलतीरी सोड. हात कापाचा म्हनतेत, सहीले बलावलं. कोनीच डोंग्यात घेत नाई. तुह्या पाया पडतो."
माह्या पाया!
"आलोच" म्हनून आत आलो, ही वही उघडली. दारातून दिसून राह्यलं. शीड अंगनभर पसरलं आहे, सडका काठ भागाबाईच्या पायापाशी. तिचं लक्ष नाई. शेवंता सुई धरून बसली आहे. दोघी दाराकडे पाहून राह्यल्या.