बाबांकडं उरलेला शब्द

सुशीलदादा,

सकाळपासून हा तिसरा कागद. दोन फाडले. हा तरी पेटीत टाकीन का, मले माहीत नाही.

लकवा मारल्यापासून बाबांच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं. त्यांच्या वृद्धाश्रमात आता दर शनिवारी एक पोरगी कुत्रा घेऊन येते, म्हाताऱ्यांचं मन रमवाले. काल त्या कुत्र्यानं बाबांच्या मांडीवर डोकं ठेवलं अन् बाबा बोलले, "हाड!"

लहानपणी तुझ्या पिल्लाले त्यांनी असंच हाकललं होतं. अन् तू लग्न करून सरिताले घेऊन महाल भागातल्या आपल्या घराच्या दारात उभा राहिला, तेव्हा तुलेही. दार मी लावलं होतं, दादा. आधीच्या दोन्ही कागदांवर मले हेच लिहिता आलं नाही.

पोरीनं घाबरून "सॉरी आजोबा" म्हटलं अन् पट्टा ओढला. तर बाबांच्या डोळ्यांतून धारा! चांगल्या हातानं त्यांनी तो पट्टाच धरला, सोडून नाही राहिले. कुत्रा परत टेकला, तसे त्याचे कान कुरवाळत बसले. "हाड... हाड..." लेकराले निजवावं तसं.

डॉक्टर म्हणते, असा एखादा शब्द उरते, त्याले अर्थ नसते. मले पटून नाही राहिलं. उठते, गॅलरीत जाते, परत येऊन बसते. काहून हाच उरला गा?

तू आला तर तुलेही तेच म्हणतील.

या वेळी मागं फिरू नको.

दाराशी उभी,
वंदना