पलस्तर नसलेलं फ्रॅक्चर

रुखमाबाई,

मोहर्लीहून तुह्या धाकट्या भावाचा, देवाजीचा, जय सेवा. तुहे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? आलापल्लीची थंडी त्यायले मानवत नाई, तरी अंगणात झोपतात म्हणे. इकडे आम्ही बरे आहोत (सफारीत वाघ दिसला नाई की पर्यटक मलेच ओरडतात, जसा काही मी त्याले जिप्सीत लपवून ठेवला).

माह्या करिश्माची बातमी तुले अर्धीच पोचली, म्हणून लिहून राह्यलो. वनरक्षकाच्या भरतीसाठी पोरगी डांबरी रस्त्यावर पळे. आपल्याच मनानं अंतर वाढवत गेली, आणि अंग हलकं राहावं म्हणून रात्रीचं जेवण सोडलं. मग कमरेच्या खाली, एका कुल्ल्यात, खोल ठणका बसला. गावचा वैदू कोलूबुवा म्हणाला शीर चढली. शेजारीण म्हणाली गॅस. तू फोनवर मोहाच्या टोळीचं तेल सांगितलं (चोळलं, बाई, घरभर वास सुटला, ठणका जागच्या जागी). चंद्रपुरात एक्स-रे काढला, तो साफ. मग सारे म्हणाले, पोरगी ढोंग करते. त्या दिवसापासून ती दिवसाचं जेवणही धड करेना.

शेवटी हाडाच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. त्यायनं तिले एका पायावर उडी मारायले लावली. पायात काटा मोडला तरी हूं न करणारी माही पोरगी टेबल धरून रडली. एमआरआय काढला, तवा दिसलं : पाठीचा कणा ज्या तिकोनी हाडावर बसते, त्या सेक्रमले बारीक भेग. पडून नाई, पळून पळून, अन् उपाशी राहून. पाळीही बंद झाली होती, आईलेही सांगितलं नव्हतं. "खेळाडूंचं हाड असं मोडते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि रुखमाबाई, मी खुर्चीत ताठ झालो. आपल्या घराण्यात पळून कोणाचं हाड मोडलं सांग! भाऊजींचं मोडलं, ते मोहाच्या झाडावरून पडून.

इलाज म्हणजे आराम, कुबड्या, गोळ्या आणि पोटभर जेवण. तिथं पलस्तर बसत नाई, म्हणून हाड मोडलं हे गाव मानेचना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नंतर पाण्यात व्यायाम करू द्या." मी म्हटलं, "आमच्या तलावात मगर हाय." त्या म्हणाल्या, "मग तिला नुसतं चालू द्या." आता कुबड्या सुटल्या, पाळी आली, भात दोनदा मागते. काल अंगणात एका पायावर उडी मारून हसली. आज सफारीत पर्यटकांले वाघाच्या आधी मी हेच सांगितलं. पोरगी मोठी शहाणी झाली, डॉक्टरचा शब्द मोडत नाई.

तुहा,
देवाजी

ता. क. : करिश्मा परवा तुह्याकडे येते. तिले अजून चालायचीच परवानगी हाय. ती म्हणंल, पळायची मिळाली. बूट लपवून ठेव.

आणखी एक : म्हणशील, तूच काऊन लपवले नाई? लपवले होते. ती अनवाणी पळाली. आणि मी, तिचा बाप, थांब म्हणायचं सोडून पाहतच राह्यलो. म्हणून तुले सांगून राह्यलो, बाई. तिले थांबवणं माह्यानं होत नाई.