दर उतरेपर्यंत

बाबा, तुमच्याशी भांडायचं राहून गेलं. तेव्हा मुलींनी वडिलांना उलट बोलायचं नसे, आणि कॉन्व्हेंटमध्ये मला 'येस, सिस्टर' म्हणून मान खाली घालायलाच शिकवलं होतं. आता मी तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मोठी आहे. आता ऐकून घ्या.

अंबरनाथ पश्चिमेच्या आपल्या चाळीत फक्त दिव्यांचा मीटर होता. विजेची शेगडी लावायची तर 'पॉवर'चा वेगळा मीटर घ्यावा लागे. त्याचा दर दिव्यांपेक्षा कमी, पण एकदा सही केली की वर्षभर तोच. दर आणखी उतरणार आहेत, असं तुम्हाला कारखान्यात कुणीतरी सांगितलं. झालं! तुम्ही सही लांबवलीत. त्या पावसाळ्यात आई ओल्या लाकडांपुढे फुंकणी घेऊन बसायची. मध्येच उबळ यायची. अजून ती मला तशीच दिसते, मोरीपाशी भिंतीला हात टेकून उभी, पदर तोंडावर, डोळे लाल. बोलवत नाही, म्हणून खुणेनेच मला सांगते, भात बघ.

उल्हासनगरच्या कॅम्पातून आईकडे काजं-बटणांचं काम घेऊन येणारी सिंधी बाई तेवढी तुमच्या तोंडावर बोलली. "भाईसाब, आप रेट देखते हो. भाभी की खाँसी कौन देखेगा?"

"दिवाळीपर्यंत थांबा हो. उतरणारच आहेत."

आणि आई तुमचीच बाजू घेते. "त्यांना आकडे कळतात गं बाई. मला आपला धूर कळतो." यावर तुम्ही हसलात. मीही हसले.

डॉक्टरांनी धूर बंद करा म्हणून बजावलं, तेव्हाही तुमचं उत्तर तयार होतं. "इतके महिने थांबलो. आता सही केली तर थांबलेलं सगळं फुकट." थांबला होतात तुम्ही, बाबा. खोकत होती ती.

दिवाळीच्या आधीच आई गेली. सकाळी, चहाचं आधण ठेवताना.

आणि दर उतरले. अगदी तुम्ही म्हणाला होतात तसे. तुम्ही सही केलीत, शेगडी आणलीत, तिची तार लालभडक झाली आणि तुम्ही स्वतः भात टाकलात. खोलीत धुराचा मागमूस नव्हता. मी ताटाला हात लावला नाही. तुम्ही रडाल म्हणून वाट बघत बसले. तुम्ही एक घास खाल्लात आणि म्हणालात, "जरा मऊ झालाय." चुकलेल्या माणसाला एक वेळ माफ करता येतं. तुम्ही बरोबर निघालात, त्याचं मी काय करू?

गेल्या आठवड्यात कात्रपच्या माझ्या फ्लॅटवर विजेच्या ऑफिसातली एक मुलगी आली होती. नवीन दर आलेत म्हणे, दिवसा वापराल तर स्वस्त. "आजी, आत्ता बदलायचं की पुढच्या वर्षी?" उद्या सांगते म्हणून मी तिला वाटेला लावलं. हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणूनच लिहिते. त्या मुलीमागे दार लावताना माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? बाबांना विचारून घ्यावं.