काओरची दुसरी बाटली

४ मे
पुतण्याने, परागने, फ्रान्सहून काओरच्या वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. इतकी गडद लाल की तिकडे तिला काळीच म्हणतात. शिरीष खूश. जन्मभर मसाल्याच्या कंपनीत नुसत्या वासावर माल पास केला, निवृत्तीनंतर तेच नाक वाइनला लावलंय. शनिवारी पराग जेवायला. पुस्तकात लिहितात, रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी. ती खोली पार्ल्यातली नव्हे, मे महिन्यातली तर नव्हेच. म्हणून आधी थोडा वेळ फ्रिजात. बरोबर मटण. पण शिरीषचं सुरू, "तिखट कमी घाल गं, नाहीतर वाइन कडू लागेल." मालवणी मटण, कमी तिखट! सासूबाई असत्या तर घरात घेतलं नसतं.

९ मे
पहिला घोट यजमानाचा. बाटली खराब नाही ना, हे बघून मगच बाकीच्यांना ओतायची. शिरीषचा नेम. मी आत वाटण परतत होते. ऐकू आलं, "आलुबुखार... थोडा तंबाखू. झकास."
बाहेर येऊन ग्लास नाकाशी नेला. भिजलेला पुठ्ठा. बूच बिघडलं की येतो तो वास, त्यानेच मला शिकवलेला. परागने ग्लास खाली ठेवला होता, माझ्याकडे बघत होता. शिरीष मजेत पीत होता. मी म्हटलं, मटणाबरोबर छान लागते. का म्हटलं?

१० मे
परागचा फोन. "काकू, बाबांचं असंच सुरू झालेलं. आधी वास गेला. हात नंतर कापायला लागले. काकांना डॉक्टरकडे दाखवून घे ना."
म्हटलं, सर्दी असेल रे.
सर्दी नाहीये. भाऊजींना शेवटी चमचा धरता येत नव्हता. मी भरवलंय त्यांना. फार भीती वाटते.

१३ मे
दूध करपलं. जिन्यापर्यंत वास. शिरीष ओट्याशेजारीच पेपर वाचत बसलेला. मी गॅस बंद केला तेव्हा मान वर केली. "अगं, लक्षच नव्हतं."
डॉक्टरचं नाव काढलं. "मला काय झालंय?" म्हणून टीव्ही लावला.

१४ मे
सकाळपासून आठवतेय. दिवाळीत, वाढदिवसाला, दर वेळी. बूच काढून मला हुंगायला देतो, मग ग्लास नाकाशी नेतो, काठावरून माझ्याकडे बघतो, मग बोलतो. मला वाटायचं, लाडाने बघतो.
माझा चेहरा वाचत होता. शनिवारी मी आत होते.
म्हणजे त्याला माहीत आहे. कधीपासून, देव जाणे.

१७ मे
संध्याकाळी स्वतःच म्हणाला, दुसरी उघडूया. दोघंच. काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं, बेताच्या तिखटाचं. बूच काढलं, आधी माझ्या ग्लासात ओतली, असं तो कधी करत नाही. मी वास घेतला. मग त्याने आपल्या ग्लासाचा घेतला आणि बघितलं.
मी चेहरा हलू दिला नाही. इतक्या दुष्टपणाने त्याच्याशी कधी वागले नव्हते.
परत वास घेतला. परत बघितलं. कपाळावर घाम. मग ग्लास माझ्यासमोर धरून हळूच म्हणाला, "सांग ना विद्या, कशी आहे?"
ग्लासातली वाइन हलत होती. पंखा फुल होता. पंख्यानेच असेल.