पंप छोटाच येणार

दादा,

तुझा मोठा सोलर पंप नको म्हणून दुकानात कळवलंय. छोटा आणायला मी स्वतः निघालेय. विहीर खोल असली तरी झरा बारीक आहे. तू बघतोस सकाळी, रात्रभर पाझरून पाणी साठलेलं असतं तेव्हा. दुपारी उपसा झाल्यावर बादली सोडून बघ, तळाला आपटते. मागची मोटर अशीच कोरडी फिरून जळली आणि तू खापर वहिनीवर फोडलंस.

छोटा पंप ऊन असेपर्यंत सावकाश टाकी भरत राहील. बारीक धार बघून शेजारी हसले तर हसू देत. तुला रागवायचं तर खुशाल रागव, पण आधी माहेरी जाऊन वहिनीला घेऊन ये. नव्या पंपाचं बटण तीच दाबणार.

धाकटी