सोळा तासांचा उपास आणि मणीचा वडा

मेलवीथी, तंजावूर
रविवार, सकाळी साडेनऊ (अकराला अजून दीड तास)

राजमान्य राजश्री सेतुमाधवराव मेहुणे यांस अनिरुद्धरावाचा तंजावुराहून नमस्कार. कोइंबतूरची हवा मानवते ना, गुडघा वळतो ना, आणि मुख्य म्हणजे जेवण झालं ना? हे शेवटचं मी उगाच विचारत नाही. इथे रस्त्यात भेटलेला माणूस "साप्टाच्चा?" म्हणजे खाल्लं का, एवढं विचारल्याशिवाय पुढचं बोलत नाही, आणि साडेतीनशे वर्षं या गावात काढल्यावर (घराण्याने, मी अडुसष्टच काढली) ती खोड आपल्यालाही लागली आहे. मी फुलवालीला विचारतो, पोस्टमनला विचारतो, बेंगळुरूहून आमच्या विनुताचा फोन आला की आधी तिलाही तेच विचारतो. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर बोलताना तुमची भगिनी कनकलता खांबासारखी शेजारी उभी असते. आणि लेकीला, विनुताला, देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा या घरात गुप्त लिहायचं तर हीच लिपी सोयीची.

तर हकीकत अशी. माझ्या रक्तातली साखर काठावर आली असं पौष महिन्यात निघालं आणि विनुताने मला सोळा तासांच्या उपासावर बसवलं. संध्याकाळी सात ते सकाळी अकरा काही खायचं नाही. अकराला फोनमध्ये घंटा वाजते, तिला ती 'खिडकी उघडली' म्हणते. (आमच्या घराला चौदा खिडक्या आहेत, एकीतूनही आजवर इडली आत आली नव्हती.) सकाळी कॉफी चालेल, पण दूध नको, साखर नको. ती कॉफी मी एकदा घेतली आणि मग औषधाची बाटली चुकून उघडली गेली का ते पाहिलं. तरी मी नेटाने सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी आपल्या मराठी मंडळींचा मेळावा होता, तिथे उपास आणि आत्मसंयम यावर पाऊण तास बोललो. मंडळी जेवणासाठी खोळंबली होती, त्यामुळे भाषणाचा परिणाम फार झाला.

चौथ्या दिवशी पहाटे फिरायला निघालो आणि राजवाड्याच्या मागच्या कोपऱ्यावर मणीच्या टपरीपाशी बुटाची नाडी सुटली. मणी वडे तळत होता. त्याने विचारलं, साप्टाच्चा? खोटं बोलायचं तर हो म्हणावं लागलं असतं, आणि खरं बोललो तर तो पान पुढे करणार. मी खरं बोललो. उपासाने माणूस सत्याच्या जवळ जातो असं मी मेळाव्यात म्हणालोच होतो. त्यानंतर रोज दोन इडल्या, एक वडा (शुक्रवारी दोन), आणि दूधसाखर घातलेली कॉफी, असा माझा उपास सुरळीत चालला. अकराच्या घंटेला मी घरच्या पाटावर भुकेल्या चेहऱ्याने बसायचो. हे सोपं नाही, मेहुणे. भुकेने भुकेलं दिसणं कोणालाही जमतं.

विनुताने एक वजनाचं यंत्रही पाठवलं आहे. त्यावर आम्ही दोघांनी सकाळी उभं राहायचं आणि आकडा परस्पर बेंगळुरूला जातो. महिन्याभरात त्यात माझं वजन दीड किलो वाढलं आणि कनकलताचं चार किलो उतरलं. विनुताने ठरवलं की यंत्राने नावं उलटी नोंदवली, आणि तिथून दुरुस्ती करून तिने माझं अभिनंदन केलं. मी आभार मानले. कनकलताचे चार किलो खरोखर कुठे गेले, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. तो यायला हवा होता, हे मी इथे नमूद करून ठेवतो.

तो विचार परवा शुक्रवारी आला. मी दुसऱ्या वड्यावर होतो, तोच फुलवाली धावत आली की अम्मा, म्हणजे कनकलता, कामाक्षीच्या देवळात तिसऱ्या प्रदक्षिणेला चक्कर येऊन पायरीवर बसल्या आहेत. पान तसंच टाकून धावलो. डॉक्टर राममूर्तींकडे नेलं. शेवटचं कधी खाल्लं, त्यांनी विचारलं. काल संध्याकाळी पावणेसातला, ती म्हणाली. रोज असंच? रोज. का? तेव्हा तिने माझ्याकडे बोट करून अगदी साधेपणाने सांगितलं की यांचा उपास आहे, यांच्या आधी मी कशी खाऊ? म्हणजे ज्याने व्रत घेतलं तो रोज सहाला खात होता आणि जिने घेतलं नव्हतं ती एक्केचाळीस दिवस पाळत होती. मला लाज वाटली, मेहुणे. माझ्या शर्टावर चटणी होती, मी हाताची घडी घातली. डॉक्टरांना माझ्या निग्रहाचं कौतुक वाटलं. त्यांनी माझीही साखर पाहिली, ती पूर्वीपेक्षा वाढलेली. काही शरीरांत पहाटे आपोआप साखर तयार होते, असं त्यांनी समजावलं. मी मान डोलावली. माझ्या शरीराची ती मणी तयार करतो.

घरी आल्यावर मी तिला स्पष्ट बजावलं, उद्यापासून आठला खायचं. ती "नक्को" म्हणाली आणि डाळ निवडायला बसली. काल आणि आजही तेच. काल दोनदा भिंतीला धरून उठली. मला भीती वाटते.

आपला,
अनिरुद्धराव

ता. क. आता मूळ काम. तुमचा शब्द ती मोडत नाही. तिला एक कडक पत्र लिहा की सकाळी आठला खाणं हा थोरल्या भावाचा हुकूम आहे. मणीचा उल्लेख नको.

दुसरा ता. क. किंवा पत्र न लिहिता पंधरा दिवस राहायलाच या. पाहुण्याला एकट्याने इडली खायला बसवणं आपल्या रीतीत बसत नाही, तेव्हा मलाही सोबत बसावं लागेल आणि उपास सन्मानाने सुटेल. तुमचा पिनकोड मला आठवत नाही. पाकीट कनकलताकडे पत्ता लिहायला देतो आहे. (ती उघडून पाहणार नाही, तशी सवय तिला नाही.)

सोमवार

अण्णा, पाकीट उघडंच होतं, डिंक लावायचं कामही माझ्याचकडे आलं. शर्ट मी धुते, तेव्हा मणीची चटणी मला पाचव्या दिवसापासून ठाऊक आहे. रागावले नाही. मनाशी एवढंच ठरवलं की ज्या दिवशी हे मला विचारतील, त्या दिवशी खाईन. हे फुलवालीला विचारतात, पोस्टमनला विचारतात, कोपऱ्यावरच्या गाईलासुद्धा विचारतात, साप्टाच्चा म्हणून. डॉक्टरांनी विचारलं. यांनी बजावलं, तुम्हाला एवढं लांब पत्र लिहिलं, पण मला अजून विचारलेलं नाही.

शेवटी आज मीच मला विचारलं, सातला तीन इडल्या केल्या आणि पाटावर बसून एकटीने खाल्ल्या. छान लागल्या. यांचा उपास आता मी अकरापर्यंत नीट सांभाळते, मणीलाही सांगून ठेवलं आहे. तुम्ही या जरूर, पण सकाळचं खाणं माझ्याबरोबर.

तुमचं जेवण झालं ना, अण्णा?

कनकलता