शिवरंजनीची तपासणी

३ फेब्रुवारी, सोमवार. बेंबळी

डाग दिला! लेकराचे पाय मी धरले होते, म्हणून लिहितो. नात शिवरंजनी अडीच वर्षांची झाली, अजून एक शब्द नाही. लेक नंदीश म्हणाला, "अण्णा, आपल्यात न बोलणाऱ्या लेकराला डागतातच. तुमालाबी डागलं व्हतं." खरंच. अन् पुढं चाळीस वर्षं मी वर्गात कविता गायल्या! म्हणून हो म्हणालो. गावात डाग देणाऱ्या गुंडप्पानं खुरप्याचं टोक लाल केलं, मानेला टेकवलं. चर्र! पोरीनं किंकाळी फोडली — आणि मी मूर्ख खूश. गळा आहे की!

४ फेब्रुवारी

फोड फुटला. लेकरू माझ्याजवळ येत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अंगणवाडीच्या महेश्वरीताई तपासणीचा तक्ता घेऊन आल्या. सूनबाई शिवकांतानं पोरीला मांडीवर धरलं. ताईंनी मागं जाऊन ताटावर उलथनं हाणलं. कुत्रं पळालं, मी दचकलो. पोरीनं मानसुद्धा वळवली नाही!

मग ताईंना फोड दिसला. "गुरुजी! तुमच्या घरात हे? कानाचा घोळ हाय हो. धाराशिवला न्या. आत्ताच यंत्र लावलं तर बोलंल. उशीर केला तर न्हाय."

नंदीश दारातून आला. "माझ्या पोरीला भैरी म्हणती व्हय?" ताट हिसकून फेकलं. ताईंचं कपाळ फुटलं. शिवकांता आडवी आली — तिच्या थोबाडीत! मी काठी घातली त्याच्या पाठीत. परत घातली. मोडेपर्यंत घातली. जन्मभर फुलां-पाखरांच्या ओळी म्हणणारा मी — वाईट हे, की बरं वाटत होतं.

ताईंचं रक्त पदरानं पुसत शिवकांता म्हणाली, "मामा, सोमवारी मी जाणार. आता कुणी आडवं येऊनच बघावं."

८ फेब्रुवारी

दोन वर्षं रोज हिला कविता म्हणून दाखवतो. किती तल्लीन व्हायची! ऐकत नव्हती. ओठ बघत होती.

१० फेब्रुवारी, सोमवार

धाराशिव. नंदीशही आला, पाठ धरून. पोरीला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. यंत्र मिळेल, बोलायला शिकवतील. "वेळेत आणलंत," म्हणाल्या डॉक्टरीणबाई. शिवकांता तिथंच रडली.

११ फेब्रुवारी

काल एक लिहायचं टाळलं. बाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला कमी ऐकू येतं? मी म्हणालो, कुणाला नाही.

नंदीश खाली बघत म्हणाला, "मला. डाव्या कानानं. चौथीपासनं. वर्गात कविता विसरलो व्हतो, गुरुजींनी कानाखाली हाणली."

मारणारे गुरुजी कोण, ते त्यानं सांगितलं नाही.